ग्रंथ वाचले म्हणून सख्ख्या धर्मांचे वैर मिटते का?

एकाच मुळातून निघालेल्या दोन धर्मांच्या किंवा एकाच धर्मातल्या दोन पंथांच्या लोकांत हाणामारी झाली, की तिच्यावर भाष्य करणारे एक वाक्य हमखास उच्चारतात: ‘या लोकांनी आपापला धर्मग्रंथ नीट वाचला असता, तर ही वेळच आली नसती.’ श्रद्धावान माणसाला हे वाक्य आवडते, कारण त्यामुळे ग्रंथाकडे बोट जात नाही. श्रद्धा न मानणाऱ्यालाही ते आवडते, कारण शिक्षणाने सगळे सुटते या त्याच्या विश्वासाला त्यातून दुजोरा मिळतो. परस्परविरोधी भूमिकांच्या लोकांना एकाच वेळी सोयीचे वाटणारे विधान जरा संशयानेच तपासावे. माझे म्हणणे असे आहे की, जवळच्या धर्मांतल्या संघर्षात ग्रंथाच्या अज्ञानाचा वाटा फार थोडा असतो आणि हे संघर्ष ज्यांनी सर्वांत कडवेपणाने चालवले त्यांत ग्रंथ मुखोद्गत असलेल्यांचाच भरणा मोठा आहे. वैराची धार ज्याने खरोखर बोथट होते ते ज्ञान वेगळ्याच प्रकारचे आहे. ग्रंथातल्या वचनांवर आपल्याच पूर्वसूरींमध्ये कोणते मतभेद झाले, ते कसे चालले आणि किती काळ अनिर्णित राहिले, याचे ते ज्ञान आहे, आणि श्रद्धावानांना ते सहसा कोणी शिकवत नाही.

अज्ञान आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने 2010 मध्ये धर्मविषयक ज्ञानाची एक पाहणी केली होती. तीत 32 प्रश्न विचारले गेले आणि सरासरी उत्तरे बरोबर आली ती निम्मी. सर्वाधिक गुण नास्तिक व अज्ञेयवादी, ज्यू आणि मॉर्मन या तीन गटांना मिळाले. प्रॉटेस्टंटांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना, ज्याच्या बंडातून आपला पंथ जन्माला आला त्या मार्टिन ल्यूथरचे नाव ओळखता आले नाही. प्रभुभोजनातली भाकरी आणि द्राक्षरस हे प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, हे आपल्या चर्चचे मत आहे याचा पत्ता शंभरातल्या पंचेचाळीस कॅथॉलिकांना नव्हता. ज्या मुद्द्यावर सोळाव्या शतकात माणसे जाळली गेली, तो मुद्दाच आज त्या पंथांच्या वारसांना ठाऊक नाही. आणि तरीही, हे ध्यानात घ्यावे, अमेरिकेतले कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट आज एकमेकांच्या उरावर बसत नाहीत. अज्ञानाने भांडण होते हे सूत्र खरे असते, तर या देशात धर्मयुद्ध पेटलेले असायला हवे होते.

याच्या उलट उदाहरण सीरियातले घ्या. इस्लामिक स्टेट या संघटनेत भरती होणाऱ्यांकडून भरून घेतलेले अर्ज 2016 मध्ये बाहेर फुटले. शरियतचे ज्ञान किती, असा त्यात एक रकाना होता आणि सुमारे सत्तर टक्के अर्जदारांनी तिथे ‘प्राथमिक’ असे उत्तर दिलेले होते. त्याआधी, 2014 मध्ये, सीरियात लढून आलेल्या दोन ब्रिटिश तरुणांवर खटला चालला तेव्हा असे उघड झाले की, निघण्यापूर्वी त्यांनी इस्लामची आणि कुराणाची तोंडओळख करून देणारी, अगदी नवशिक्यांसाठी लिहिलेली इंग्रजी पुस्तके मागवली होती. ‘ग्रंथ वाचला असता तर’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार प्रिय आहे. मात्र त्याच संघटनेचा म्होरक्या अबू बक्र अल बगदादी हा बगदादच्या इस्लामी विद्यापीठातून कुराणाच्या अभ्यासात डॉक्टरेट घेतलेला माणूस होता, हा भाग ते सांगत नाहीत. शियांचे रक्त का सांडावे याची शास्त्रोक्त मांडणी करणारे वर होते आणि ती न तपासता खरी मानणारे खाली होते. संघर्ष उभा राहायला या दोघांचीही गरज लागते, म्हणून नुसते खालच्यांच्या अज्ञानावर खापर फोडणे म्हणजे अर्धा हिशेब मांडणे होय.

विद्वानांचे आपसात काय होते, याचा उत्तम नमुना म्हणजे जर्मनीतल्या मारबुर्गची बैठक. ऑक्टोबर 1529 मध्ये हेसच्या फिलिप या सरदाराने आपल्या गढीत ल्यूथर आणि झुरिकचा धर्मसुधारक झ्विंगली यांना समोरासमोर बसवले. फिलिपचा हेतू राजकीय होता. कॅथॉलिक सम्राटाविरुद्ध सगळ्या धर्मसुधारकांची एकजूट त्याला हवी होती. बोलावलेली माणसे बायबलचे त्या काळातले अव्वल जाणकार होते. ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर करून सात वर्षे झाली होती, तर झ्विंगलीने पौलाची पत्रे मूळ ग्रीकमधून स्वहस्ते उतरवून घेऊन पाठ केली होती. बैठकीच्या सुरुवातीलाच ल्यूथरने खडूने टेबलावर, ख्रिस्ताने भाकरी देताना उच्चारलेले, ‘हे माझे शरीर आहे’ या अर्थाचे लॅटिन शब्द लिहिले आणि त्यावर मखमली कापड ओढले. चर्चा चढत गेली आणि झ्विंगलीने या वाक्यातले ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’ असे घ्यावे हे पटवण्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानाचा आधार पुढे केला, तेव्हा ल्यूथरने कापड उचलून त्या अक्षरांकडे बोट दाखवले. शेवटी पंधरा कलमांचा मसुदा तयार झाला. चौदा कलमांवर दोघांचे एकमत होते आणि पंधराव्यातल्या एका मुद्द्यावर नव्हते. त्या एका मुद्द्यापायी ल्यूथरने समोरच्यांना ख्रिस्ती बंधू म्हणून मान्य करायला नकार दिला. दोन वर्षांनी झ्विंगली कॅथॉलिक प्रांतांशी झालेल्या लढाईत मारला गेला. फिलिपने अपेक्षिलेली एकजूट कधीच झाली नाही.

चौदा विरुद्ध एक, हे प्रमाण पाहून हसू येते. पण त्या दोघांच्या जागी बसून पाहिले तर त्यांचे वागणे अडाणीपणाचे वाटत नाही. ज्याने ग्रंथाला सर्वोच्च प्रमाण मानले आहे आणि ज्याला त्या ग्रंथातले प्रत्येक पद तोंडपाठ आहे, त्याला एका पदाचा अर्थ सैल सोडणे म्हणजे सगळे प्रमाणच सैल सोडणे वाटते. सामान्य भाविकाला हा ताण जाणवतच नाही, कारण त्याने ते पद तितक्या बारकाईने कधी पाहिलेले नसते. अभ्यास वाढतो तसे मतभेदाचे मुद्देही वाढतात, हे कोणत्याही शास्त्रात घडते. धर्मात त्या मुद्द्यांना मोक्ष आणि नरक चिकटलेले असल्यामुळे त्यांची किंमत भलतीच चढते.

खुद्द झ्विंगलीच्या झुरिकमध्ये याचा आणखी एक प्रयोग होऊन गेला होता. त्याच्या सोबत हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांचे अध्ययन करणाऱ्यांत फेलिक्स मान्झ नावाचा तरुण होता. बायबलमध्ये तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देण्याचा आदेश कुठेच नाही, हे त्याने गुरूचीच पद्धत वापरून दाखवले. 5 जानेवारी 1527 रोजी नगरसभेच्या हुकमाने त्याला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवण्यात आले. 1525 मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे छापली तेव्हा समासात बायबलची वचने दिली होती; वेठबिगारी नको, कारण ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांना मुक्त केले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ग्रंथ लोकांच्या भाषेत आणणाऱ्या ल्यूथरनेच त्यांना कापून काढावे असे लिहिले. ग्रंथ सर्वांच्या हाती पडला की सर्वांचे एकमत होईल, ही छपाईच्या पहिल्या पिढीची भाबडी आशा होती. प्रत्यक्षात शंभर वर्षांच्या आत पंथांची संख्या कित्येक पटींनी वाढली.

यावर कोणी म्हणेल की, हे आपल्या ग्रंथाचे ज्ञान झाले. शेजाऱ्याच्या ग्रंथाचे ज्ञान असते तर गोष्ट वेगळी झाली असती. आंतरधर्मीय संवादाच्या सभांमध्ये हा मुद्दा फार जोरात मांडला जातो. इतिहासाकडे पाहता त्यालाही मर्यादा आहेत. मध्ययुगीन युरोपात तालमूद या ज्यू ग्रंथाची सर्वांत चांगली माहिती असलेला ख्रिस्ती माणूस कोण होता? निकोलस डोनिन, जो ज्यू म्हणून जन्मला, तालमूदच्या अभ्यासात वाढला आणि नंतर ख्रिस्ती झाला. त्याने तालमूदमधली आक्षेपार्ह वचने वेचून पोपपुढे ठेवली, 1240 मध्ये पॅरिसमध्ये त्या ग्रंथावर जवळजवळ खटलाच चालला आणि 1242 च्या सुमारास हस्तलिखितांच्या चोवीस गाड्या भर चौकात जाळण्यात आल्या. 1263 मध्ये बार्सिलोनात राजासमोर जो वाद झाला त्यात ख्रिस्ती बाजू मांडणारा पाब्लो क्रिस्तियानी हाही धर्मांतरित ज्यूच होता. त्याची चाल अशी की, ख्रिस्त हाच मसीहा असल्याचे तालमूदमधूनच सिद्ध करायचे. समोरच्या नाहमनिदेस या पंडिताने इतके चोख उत्तर दिले की राजाने त्याला बक्षीस दिले. पण पुढे काही वर्षांत त्यालाच देश सोडावा लागला. कुराणाचे पहिले लॅटिन भाषांतर 1143 मध्ये पुरे झाले ते फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपतीने पैसे मोजून करवून घेतले म्हणून, आणि त्याचा उघड हेतू इस्लामचे खंडन हा होता. शेजाऱ्याचा ग्रंथ त्यात मर्मस्थाने शोधायला उघडला, तर जितके वाचावे तितकी हत्यारे सापडत जातात.

मग जवळच्यांतच हे इतके का पेटते? ख्रिस्ती माणसाला एखाद्या दूरच्या बेटावरच्या निसर्गपूजकाचा जितका राग येत नाही तितका आपल्याच धर्माच्या दुसऱ्या पंथाचा येतो, याचे कारण भाऊबंदकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना समजावून सांगायला नको. परक्याशी बांधावरून तंटा होतो. भावाशी तंटा होतो तो घर मुळात कोणाचे आणि वडिलांनी ते कोणाला दिले यावरून. अब्राहामाने आपला मुलगा बळी द्यायला नेला, ही कथा ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांची आहे. ज्यू नववर्षाच्या प्रार्थनेत ती वाचतात, ख्रिस्ती तिच्यात क्रुसावरच्या बलिदानाची पूर्वसूचना पाहतात आणि मुसलमान बकरी ईदला तिचे स्मरण करतात. पहिल्या दोघांच्या ग्रंथात मुलाचे नाव इसहाक आहे. मुसलमानांच्या सर्वसाधारण समजुतीत ते इस्माईल आहे. वेदीवर कोणाला चढवले होते हा प्रश्न वरवर पौराणिक दिसतो. पण ईश्वराचे वचन कोणाच्या वंशाला मिळाले आणि आज त्या वचनाचा धनी कोण, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे. कथा सामायिक आहे म्हणूनच तंट्याला जागा आहे.

हे केवळ पश्चिम आशियाच्या धर्मांचे दुखणे नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांच्या वडकलै आणि तेनकलै या दोन शाखा रामानुजांना मानतात, आळवार संतकवींची तीच चार हजार पदे गातात. जीवाने माकडिणीच्या पिलासारखे ईश्वराला घट्ट धरून राहावे की मांजरीच्या पिलासारखे स्वतःला त्याच्या हवाली करावे, हा त्यांच्यातला तात्त्विक भेद खरोखर सुंदर आहे आणि त्यावर शतकानुशतके अभ्यासपूर्ण लिहिले गेले आहे. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात मात्र त्यांची झोंबी लागते ती पदे म्हणण्यापूर्वी कोणत्या आचार्याच्या स्तुतीचा श्लोक म्हणायचा यावरून, आणि हा वाद इंग्रजी अमदानीपासून न्यायालयांच्या पायऱ्या चढत आला आहे. जैनांचे उदाहरण तर जास्तच बोलके आहे. ‘तत्त्वार्थसूत्र’ हा ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही प्रमाण आहे. कोणतेही विधान एका अंगानेच खरे असते आणि सत्याला अनेक बाजू असतात, हा अनेकान्तवाद तर दोघांच्याही तत्त्वज्ञानाचा कणा आहे. असे असूनही शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीवरच्या लेपात कटिसूत्र आणि लंगोटाची खूण असावी की नसावी यावरून दोन्ही संप्रदाय इंग्रजी अमदानीतल्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, म्हणजे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, नंतर चार दशकांहून अधिक काळ मंदिराला कुलूप राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये ते उघडले. अनेकान्तवाद तोंडपाठ असणाऱ्यांची कमतरता या दोन्ही बाजूंना खासच नव्हती.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. वाद ग्रंथात काय लिहिले आहे याच्यापाशी फार वेळ थांबत नाही. तो लवकरच जागेवर, वेळेवर, आधी कोणी आणि नंतर कोणी यावर, थोडक्यात मालकीवर येतो. जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती पंथ नांदतात आणि दाराच्या किल्ल्या शतकानुशतके मुसलमान घराण्यांकडे आहेत. कोणत्या खांबावर कोणाचा दिवा, कोणती पायरी कोणी झाडायची, हे ऑटोमन सुलतानाच्या 1852 च्या फर्मानाने गोठवलेल्या ‘जैसे थे’ स्थितीनुसार चालते. 2002 च्या उन्हाळ्यात चर्चच्या छतावर बसणाऱ्या एका कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या चर्चच्या, साधूने उन्हाचा त्रास होतो म्हणून आपली खुर्ची सावलीत सरकवली. इथिओपियन साधूंना हा आपल्या हद्दीवरचा कबजा वाटला आणि झालेल्या मारामारीत अकरा जण जखमी झाले. कॉप्टिक आणि इथिओपियन या दोन्ही चर्चांचे ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचे मत एकच आहे. 451 मधल्या काल्सेडनच्या परिषदेचा निर्णय दोघांनीही नाकारलेला आहे. म्हणजे जिथे सिद्धांतात तसूभरही अंतर नाही, तिथेही खुर्ची थोडी सरकल्याने डोकी फुटली.

म्हणूनच, ज्यांनी हे संघर्ष प्रत्यक्षात मिटवले किंवा निदान आवरले, त्यांनी ग्रंथाला हात लावला नाही. तीस वर्षांच्या युद्धाने मध्य युरोप उजाड झाल्यानंतर 1648 मध्ये वेस्टफालियाचे तह झाले. त्यात प्रभुभोजनाविषयी किंवा मोक्षाविषयी कोणता सिद्धांत खरा, याचा निवाडा करण्याच्या फंदात कोणी पडले नाही. 1 जानेवारी 1624 ही तारीख धरली आणि त्या दिवशी जे चर्च, जो मठ, जी उपासना ज्या पंथाकडे होती ती त्याच्याकडे राहील असे ठरवले. साम्राज्याच्या सभेत धर्मविषयक प्रश्न बहुमताने सुटणार नाहीत, दोन्ही पंथांचे गट वेगवेगळे बसतील आणि दोघांचा मेळ बसला तरच निर्णय होईल, अशी तरतूद केली. ओस्नाब्रुक इथल्या बिशपच्या गादीवर तर एकदा कॅथॉलिक आणि एकदा प्रॉटेस्टंट असे आळीपाळीने बसवायचे ठरले आणि ही तऱ्हेवाईक व्यवस्था दीडशे वर्षे चालली. जर्मनीतल्या बाउत्सेन गावच्या सेंट पीटर चर्चमध्ये सोळाव्या शतकापासून आजवर दोन्ही पंथ एकाच छताखाली, मध्ये जाळी लावून आणि वेळा वाटून घेऊन, उपासना करतात. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांच्या संघर्षात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेल्यानंतर 10 एप्रिल 1998 रोजी जो करार झाला, त्यात एक अक्षरही धर्मशास्त्राचे नाही. मात्र महत्त्वाच्या निर्णयांना दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींची संमती लागेल, हे कलम त्यात आहे, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या जुन्या तरतुदीशी त्याचे नाते उघड आहे.

याचा अर्थ ज्ञान निरुपयोगी आहे असा काढणे घाईचे होईल. तारखा आणि वेळापत्रके भांडण थोपवतात, पण भांडायची इच्छा त्यांनी जात नाही, आणि संधी मिळताच ती उसळी घेते. ती इच्छाच मंदावावी असे वाटत असेल तर ज्ञानाकडे परत यावे लागते, फक्त कोणत्या ज्ञानाकडे हे नीट ठरवून.

1553 मध्ये जिनिव्हात मिगेल सर्व्हेटसला जिवंत जाळण्यात आले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर, हा त्रैक्याचा ख्रिस्ती सिद्धांत बायबलमध्ये सापडत नाही, हे त्याचे मत. त्याच्यावर खटला भरण्यात पुढाकार घेणारा तिथला धर्मसुधारक काल्व्हिन हा बायबलचा प्रकांड भाष्यकार. आणि या कृत्याविरुद्ध लेखणी उचलणारा सेबास्तियन कास्तेलियो हाही तितकाच बायबलचा जाणकार. त्याने संपूर्ण ग्रंथ लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये स्वतः उतरवला होता. ज्ञान तिघांकडेही होते. कास्तेलियोचे वेगळेपण असे की, भाषांतर करताना कोणती वचने लख्ख आहेत आणि कोणती धूसर आहेत याची नोंद त्याच्या मनात राहिली. ज्या प्रश्नांवर इतकी शतके थोर माणसे भांडत आली आहेत ते प्रश्न स्पष्ट असते तर भांडण केव्हाच संपले असते, मग अशा अस्पष्ट गोष्टीसाठी माणूस मारण्याचा अधिकार कोणाला पोचतो, असा त्याचा सवाल होता. आपल्या ग्रंथात आपल्यालाही नीट न कळणाऱ्या जागा आहेत, हे ज्याने कबूल केले आहे, त्याच्या हातून शेजाऱ्याच्या ‘चुकी’साठी सरपण रचले जाणे अवघड असते.

अशी सामग्री प्रत्येक परंपरेत पडून आहे. इस्माईल की इसहाक हा वर आलेला प्रश्नच घ्या. कुराणाच्या सदतिसाव्या सूरेत ही कथा येते तेव्हा मुलाचे नाव दिलेले नाही. इसवी सन 923 मध्ये वारलेला अत-तबरी हा कुराणाच्या सर्वांत आदरणीय भाष्यकारांपैकी एक. त्याने दोन्ही बाजूंची मते, ती कोणाकोणाकडून आली आहेत यासह, क्रमाने नोंदवली आणि आपला कौल दिला तो इसहाकच्या बाजूने. चौदाव्या शतकातल्या इब्न कसीरने इस्माईलच्या बाजूने ठाम मत मांडले आणि पुढे तेच सर्वमान्य झाले. कोणता भाष्यकार बरोबर हे ठरवायला मी कोण? पण ज्या मुसलमान तरुणाला एवढेच ठाऊक असेल की आपल्याच थोर इमामांमध्ये हा मुद्दा काही शतके खुला होता, त्याला ज्यू शेजाऱ्याचे मत म्हणजे आपल्या धर्माचा अपमान आहे असे वाटण्याचे कारण उरत नाही. ज्यू परंपरेत हिल्लेल आणि शम्माई या दोन प्राचीन पंडितांच्या पीठांचा वाद प्रसिद्ध आहे. निर्णय हिल्लेलच्या बाजूने का गेला, याचे तालमूदने दिलेले कारण असे की, ते नम्र होते आणि आपले मत सांगण्यापूर्वी शम्माईंचे मत सांगत. हरलेल्या बाजूची मतेही ग्रंथात जपून ठेवली आहेत.

हेही खरे की, या उदारतेला कुंपण असते. तालमूदची परंपरा आतल्या वादाला इतका मान देत असताना, मौखिक परंपराच न मानणाऱ्या कराईट ज्यूंना तिने तशी वागणूक दिली नाही. मतभेदाचा इतिहास माहीत असला की माणूस आपोआप सगळ्यांशी उदार होतो, असा माझा दावा नाही. आपल्या मताला इतिहास आहे, ते कधी तरी अनेकांपैकी एक होते, एवढेच त्याने कळते. आग्रहीपणाला उतार पडायला बहुधा तेवढे पुरते.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. असे ज्ञान वरच्या वर्तुळातून खाली झिरपत नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे व्हॅटिकन आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणसाला तारण श्रद्धेने मिळते की कर्मांनी, या ज्या प्रश्नावर ल्यूथरचे बंड उभे होते त्यावर मूलभूत मतैक्य असल्याचे त्यात नमूद आहे आणि सोळाव्या शतकातले परस्परांवरचे धिक्कार आजच्या शिकवणीला लागू होत नाहीत असेही म्हटले आहे. ही घटना किती मोठी! पण रविवारच्या प्रवचनात ती किती जणांनी ऐकली असेल? भांडण उभे करताना विद्वानांचा शब्द झपाट्याने खाली पोचतो, कारण त्याला जमीन, मिरवणूक आणि जुनी खुन्नस यांचे वाहन मिळते. भांडण मिटवताना तोच शब्द मसुद्यातच अडकून पडतो.

म्हणून धर्मशिक्षणात बदल हवा असेल तर तो भाविकांपासून सुरू करू नये. भाविकांना आणखी वचने पाठ करायला लावल्याने फार तर पाठांतर वाढेल. बदल करायचा तो प्रवचनकार, मौलवी, पाद्री, रब्बी, आचार्य जिथे घडतात त्या पाठशाळांत. तिथे सध्या प्रतिपक्षाचे मत शिकवतात ते खंडनापुरते, म्हणजे आधीच मोडकळीला आणलेल्या रूपात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी दोन निबंध लिहावेत. एकात आपल्या परंपरेत आज रूढ असलेल्या एखाद्या मताविरुद्ध तिच्याच मान्यवरांनी काय म्हटले होते ते, साधार आणि नावांसह, मांडावे. दुसऱ्यात सर्वांत जवळच्या प्रतिस्पर्धी पंथाची भूमिका त्या पंथाच्या माणसाला ‘होय, आम्ही असेच मानतो’ म्हणता येईल अशा रीतीने लिहावी.

यावर धर्मपीठांचा आक्षेप ठरलेला आहे: यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होईल आणि श्रद्धा डळमळेल. पहिल्या निबंधाबाबत हा आक्षेप टिकत नाही, कारण त्याची सामग्री बाहेरून आणलेली नाही. तबरीचे भाष्य आणि तालमूद या पाठशाळांच्या कपाटातच आहेत, फक्त त्यांतली अडचणीची पाने वर्गात उघडली जात नाहीत. दुसऱ्या निबंधाबाबत आक्षेपात थोडे तथ्य आहे. दुसऱ्याची बाजू प्रामाणिकपणे मांडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ती पटेलही, आणि कोणतीही संस्था ही जोखीम खुशीने पत्करणार नाही. पण ती पत्करायची नसेल, तर ‘लोक ग्रंथ वाचत नाहीत म्हणून भांडतात’ हे म्हणण्याचा अधिकारही त्या संस्थेने सोडावा. निबंध लिहून घ्यायला त्यातली बहुतेक धर्मपीठे एक वेळ राजी होतील. हा दुसरा निबंध तपासायला त्या प्रतिस्पर्धी पंथाचाच परीक्षक बोलवायचा आणि त्याने दिलेले गुण अंतिम मानायचे, या अटीवर मात्र वाटाघाटी अडतील, आणि ज्यांना हा बदल खरोखर हवा आहे त्यांनी नेमकी हीच अट सोडू नये.